रंगीत चाकांची गाडी

उत्तर व दक्षिण अमेरिकेस जोडणाऱ्या चिंचोळ्या भूभागांत कोस्टा रिका नांवाचें एक लहानसें राष्ट्र आहे. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस तें नकाशापुरतेंच ठाऊक असेल. परंतु ज्या वाहनानें त्या देशाचा भाग्योदय घडविला, तें आमच्या खेड्यांतील वाहनाचें सख्खें भावंडच होय. तें म्हणजे बैलगाडी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील मध्य खोऱ्यांत कॉफीचे मळे वाढले. सन १८४३ मध्यें विल्यम ल लाशर या कप्तानानें ती कॉफी आपल्या जहाजांत भरून इंग्लंडकडे नेली, व त्या देशाशीं थेट व्यापार सुरू झाला. पण मळे डोंगरांमध्यें, आणि पुंतारेनास हें बंदर दूर पॅसिफिक महासागराच्या कांठीं! गाड्यांस तेथवर पोहोंचावयास दहा ते पंधरा दिवस लागत. वाटेंत घाट, नद्या आणि पावसाळ्यांतील अपार चिखल.

आपल्याकडील चाकास तुंबा, आरे व वर लोखंडी धांव असते. आऱ्यांमधील मोकळ्या जागेंत तेथला चिखल भरला, तर गाडी जागच्या जागीं रुतावयाची. म्हणून तेथील सुतारांनीं आरेच काढून टाकले. पाचरीच्या आकाराचे लाकडाचे तुकडे जोडून त्यांनीं भरीव चाक केलें व त्यावर धांव चढविली. असें चाक चिखल कापीत पुढें जाई. पुष्कळ कुटुंबांची सारी मिळकत या एका गाडीवर अवलंबून असे. ती मोडली म्हणजे वर्षाचा माल घरींच राहिला. मग तिजविषयीं अभिमान वाटल्यास नवल काय? चाक उसळलें कीं आंतील लोखंडी कडें आपटून मंजुळ नाद होई. त्यास ‘गाडीचें गाणें’ म्हणत, आणि तें चांगलें उमटावें म्हणून लांकूडही पारखून घेत.

मौज अशी कीं, गाड्या रंगविण्याची प्रथा पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं पडली. आणि राजधानी सान होसेपासून अटलांटिक किनाऱ्यावरील लिमोनपर्यंत आगगाडी तर १८९० मध्येंच सुरू झाली होती! प्रथम प्रत्येक प्रांताची नक्षी निराळी असे, इतकी कीं चाक पाहून गाडीवानाचा गांव ओळखावा. पुढें टोंकदार ताऱ्यांच्या जोडीस फुलें, मुखें व लहान देखावे आले.

कालांतरानें मोटारींनीं गाडीचें उरलेंसुरलें काम हिरावून घेतलें. सुतारांपुढें पोटाचा प्रश्न उभा राहिला. सारची गांवच्या कारागिरांस प्रवाशांनीं हात दिला. आज तेथें दिवाणखान्यांत ठेवण्याजोग्या चिमुकल्या गाड्या होतात. कांहीं तर मद्याच्या बाटल्या मांडण्यासाठीं घेतल्या जातात, हें आम्हांस फारसें रुचत नाहीं! तथापि त्या विक्रीवर घरें चालतात, हें विसरून कसें चालेल? १९८८ मध्यें सरकारनें या गाडीस श्रमाचें राष्ट्रीय प्रतीक ठरविलें. युनेस्कोनें २००५ मध्यें या परंपरेचा गौरव केला. असें असूनही पूर्ण आकाराची गाडी बांधूं जाणणारे हात कमी होत चालले आहेत, आणि खरी चिंता तीच आहे. शेल्फावरील गाडीस चिखलाची गांठ कधींच पडत नाहीं.

एस्कासू येथें मात्र मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं गाडीवानांचा दिवस पाळतात. त्या दिवशीं खरे बैल, रंगविलेलीं जुंवें आणि मोठ्या गाड्या रस्त्यांवरून मिरवत जातात, व लोक आपलीं मुलें घेऊन तें पाहावयास येतात.