अ‍ॅपमधील मित्रांचे बेट

२०१८ साली आलेल्या ‘खान अकॅडमी किड्स’ या अ‍ॅपमध्ये कोडी अस्वल, रेया लाल पांडा, पेक हमिंगबर्ड आणि सँडी डिंगो मुलांना अक्षरे-अंक शिकवतात. खऱ्या जगात लाल पांडा हिमालयातला, डिंगो ऑस्ट्रेलियातला, तर हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतला. ही मंडळी एकत्र राहतील ती कल्पनेच्या बेटावरच!

हे मित्र इंग्रजीत बोलतात. शिंदेशाहीपासून ग्वाल्हेरात रुजलेली आपली मराठीही हिंदीच्या सागरातले बेटच; ते टिकते घरातल्या बोलण्यावर. म्हणून आम्ही पालकांना सुचवतो, की या मित्रांच्या बेटावरच्या गोष्टी मुलांकडून मराठीत ऐकाव्यात. होडी, शिधा, निवारा, भरती-ओहोटी असे शब्द गोष्टीच्या ओघात मुलांच्या तोंडी सहज बसतील.