फुटक्या रांजणात गॅस

"गॅस संपला असेल, भरून टाका." शिरूरच्या मंगल कार्यालयापासून दौंडच्या दवाखान्यापर्यंत एसी मेकॅनिकच्या कानावर पहिलं वाक्य हेच पडतं. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा एसीतला गॅस संपत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवण्यातच त्याचा निम्मा दम जातो. बंद तांब्याच्या नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो; आतली उष्णता उचलतो, गच्चीवर नेऊन टाकतो. कमी झालाच असेल, तर तो कुठून तरी गळलाय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. फ्रीज बनवणाऱ्या कारखान्यांची रांग शिरूर तालुक्यातच, रांजणगावला आहे, म्हणून उपमाही तिथलीच.

लग्नाच्या हॉलला साडेआठ-अकरा टनांची डक्टेबल, म्हणजे पत्र्याच्या नळांतून हवा खेळवणारी, यंत्रं असतात. हा टन वजनाचा नव्हे. टनभर बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी उपसण्याची ताकद. आर-४१०ए गॅसच्या यंत्रात सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या दाबाचा काटा साधारण १२० पीएसआयवर असला की आतली कॉइल पाचेक अंशांवर आहे असं समजायचं. तो ९० वर आला तर कॉइल शून्याखाली गेली. तिच्यावर बर्फ धरणार. घाईतला माणूस इथेच सिलिंडर उघडतो. पण फिल्टर धुळीने बसला, ब्लोअरचा पट्टा सैल झाला किंवा गॅसच्या वाटेतला ड्रायर तुंबला, तरी काटा असाच खाली येतो.

म्हणून जाणता मेकॅनिक गेजसोबत थर्मामीटर काढतो. कॉइल पाच अंशांवर आणि परतीची नळी दहा-बारावर, म्हणजे तब्येत ठीक. या फरकाला सुपरहीट म्हणतात. तो वीसवर गेला की कॉइल उपाशी आहे: गॅस कमी, नाहीतर वाटेत अडकलेला. मग बाहेर उष्णता टाकणाऱ्या कंडेन्सरमधून निघणारी नळी तपासायची. तिथला द्रव पुरेसा थंड होऊन निघत असेल तर गॅस आहे, रस्ताच बंद आहे. कमी सक्शन आणि कमी सुपरहीट असं जोडीने दिसलं, तर आधी फिल्टर उघडायचा. तुंबलेल्या फिल्टरवर जादा गॅस भरला आणि नंतर कुणी फिल्टर धुतला, तर यंत्रात नको तेवढा गॅस उरतो. द्रवाचा घोट कॉम्प्रेसरमध्ये शिरला की खर्च हजारांतून लाखात.

न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं की दुसरी तऱ्हा भेटते. उसाच्या ट्रॉल्या, रस्त्याची माती. गच्चीवरच्या कंडेन्सरच्या पात्यांत सगळं जाऊन बसतं. मे महिन्यात दुपारी तीनला पारा चाळिशीवर, डिस्चार्जचं, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर चढतं आणि यंत्र सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतं. मेकॅनिक पोचतो संध्याकाळी. तोवर ते ठणठणीत! दुखणं दुपारचं असेल तर दुपारीच यावं लागतं. एकाच बाहेरच्या युनिटवर अनेक खोल्या चालवणाऱ्या नव्या व्हीआरएफ यंत्रांच्या पडद्यावर बिघाडाचा कोड येतो खरा, पण तो 'प्रेशर वाढलं' एवढंच सांगतो. का वाढलं, ते शिडी चढल्यावरच कळतं.

कुरकुंभच्या औषध कारखान्यांत मात्र घाम फुटण्याची वाट कुणी पाहत नाही. तिथे खोलीखोलीतला हवेच्या दाबाचा फरक १०-१५ पास्कल राखायचा असतो. खोली थंडगार असूनही आकडा घसरला की तक्रार झाली. फिल्टर भरला, दाराची पट्टी झिजली, की हवेचा डँपर सरकला? शोध तिथून सुरू होतो. रसायनांच्या वाफांमुळे तांबं कुरतडलं जातं, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. म्हणून अशा ठिकाणी लेप दिलेल्या कॉइल बसवाव्या लागतात.

गळती पकडायला अजून साबणाचा फेसच उपयोगी पडतो. सांध्यावर फेस लावायचा आणि बुडबुडा फुगतो का ते पाहत बसायचं. फेसालाही चकवणाऱ्या गळतीसाठी नायट्रोजन भरून रात्रभर ठेवतात, काट्यापाशी पेनाची खूण करून. त्यातही हिवाळ्याची गंमत आहे. संध्याकाळी तीस अंशांना ३०० पीएसआय दाब भरला आणि पहाटे पंधरा अंश झाले, तर गळती नसतानाही काटा सोळाएक पीएसआय खाली उतरतो. नवखा पोरगा ओरडतो, "लीक आहे!" म्हातारा मिस्त्री आधी थर्मामीटर मागतो.