मेदयुक्त यकृत आणि पित्ताम्लांची जनुके

अर्धापूरकडे ‘पित्त झाले’ असे कोणी म्हटले की डोके दुखते, घशाशी आंबट येते, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. प्रस्तुत लेखातील पित्त ते नव्हे. यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि जेवणानंतर आतड्यात उतरून अन्नातील स्नेहाचे बारीक कण करणारा जो हिरवट-पिवळा रस, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. त्यातील मुख्य कार्यकारी द्रव्ये म्हणजे पित्ताम्ले होत.

पित्ताम्ले कोलेस्टेरॉलपासून बनतात. या निर्मितीचा वेग सीवायपी७ए१ या जनुकाच्या हाती असतो. कोणते पित्ताम्ल अधिक निपजावे हे सीवायपी८बी१ हे दुसरे जनुक ठरविते. आतड्यात गेलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृतात परततात. यकृताने नवी भर घालावयाची ती उरलेल्या अल्प अंशापुरतीच.

ती किती घालावी हे यकृतास कसे कळते? अर्धापूरच्या केळीच्या बागांना कालव्याचे पाणी मिळते, तेव्हा तेथील वाचकास पाटकऱ्याचे उदाहरण सहज पटेल. शेवटच्या शेतात पाणी पोचल्याचा निरोप आला की तो वरचे दार बंद करतो. शरीरात हे काम एफएक्सआर नावाचे प्रथिन करते. पित्ताम्ले हीच त्यास जागृत करतात, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. आतड्यात ते जागृत झाले की एफजीएफ१९ हा संदेशवाहक रक्तात सुटतो आणि यकृतात पोचून सीवायपी७ए१चे कार्य मंदावतो. यकृतातील एफएक्सआरही आपल्या परीने तेच करते.

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला म्हणजे यकृत मेदयुक्त झाले असे समजतात. अशा रुग्णांत या व्यवस्थेचा तोल ढळलेला आढळतो. रक्तातील पित्ताम्ले वाढलेली असतात आणि तरीही नवी निर्मिती थांबत नाही. पाणी शेताबाहेर वाहू लागले तरी दार उघडेच! जनुकाची घडण येथे बिघडलेली नसते, बिघडते ते त्याचे नियमन. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की सीवायपी८बी१वरील अंकुश सैल होतो व पित्ताम्लांचे परस्पर प्रमाण पालटते. आतड्यातील जीवाणू त्यांत आणखी फेरफार करतात. परिणामी एफएक्सआरला जोमाने जागृत करणाऱ्या किनोडीऑक्सिकोलिक अम्लाचा वाटा घटतो व डीऑक्सिकोलिक अम्लाचा वाढतो. हे रोगाचे कारण की परिणाम, याविषयी मतभेद आहेत. माझ्या मते दोन्ही एकमेकांस पोसतात.

हा रोग केवळ लठ्ठांचा, ही समजूत मात्र सोडावयास हवी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, देहभारांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे दिसले की तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोग्रॅम वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून कितीतरी हलकी. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव लहान, मेद मात्र बराचसा राखलेला. तेव्हा अर्धापूरच्या शिवारातील सडपातळ माणसाचेही यकृत निर्दोष असेल असे नुसत्या नजरेने ठरविता येत नाही.

हे दार औषधाने बंद करता येईल काय? ओबेटिकोलिक अम्ल एफएक्सआरला जागृत करते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांचे यकृत सुधारले. औषधाविना हे प्रमाण २१ टक्के होते. परंतु २३ टक्क्यांना खाज सुटली व रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या रोगासाठी त्यास मान्यता नाकारली. आपल्याकडील गुग्गुळातील एक द्रव्य याच एफएक्सआरला उलट अडविते, असे २००२ मध्ये दिसून आले होते. तेव्हा वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी असे मानून स्वतःच्या विचाराने असे उपचार करू नयेत.

सध्या सर्वांत खात्रीचा उपाय वजन घटविण्याचा. लठ्ठ माणसास सात ते दहा टक्के घट लागते. सडपातळ रुग्णास तीन ते पाच टक्क्यांनीही यकृतातील मेद उतरतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रीची ८० पेक्षा अधिक भरली, तर वजनाचा काटा काहीही सांगो, यकृताची तपासणी करून घ्यावी.