क्रिएटिनिन वाढलं, मग गोळी वाढवायची की कमी करायची?



गेल्या महिन्यात ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या भावाला आईची किडनी बसवून सात महिने झालेत. नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.२ वरून १.७ वर गेलं, रक्ताच्या आणखी तपासण्या आणि बायोप्सी झाली, आणि डॉक्टरांनी मायकोफेनोलेटची गोळी निम्मी केली. ताई म्हणाल्या, "अरे, किडनी बिघडतेय तर औषध वाढवायला हवं ना? हे तर उलटंच चाललंय. जुन्या गोळ्या शिल्लक आहेत घरात. पहिल्यासारख्याच देत राहू का?"

मी घाईघाईने म्हटलं, "नको, अजिबात नको!" मी काही औषध देणारा डॉक्टर नाही, पीएचडी झाली तर नावापुढे 'डॉ.' लागेल तेवढंच. पण बायोप्सीच्या रिपोर्टात जो विषाणू सापडला होता, त्याच्याशी लढणाऱ्या पेशींवरच माझं काम चालतं. त्यामुळे 'हे उलटं का' ते मी नक्की सांगू शकतो. त्यांना फोनवर सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगतो.

एकाच पेशीची दोन कामं

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. परकं काय ते ओळखणं आणि त्यावर हल्ला करणं हे त्यांचं काम. आईने दिलेली असली तरी किडनी त्यांच्या लेखी परकीच. म्हणून रोपणानंतर बहुतेक रुग्णांना तीन औषधं दिली जातात. टॅक्रोलिमस टी-पेशीला जागं करणारा संदेश अडवतं. मायकोफेनोलेट या पेशींची संख्या वाढू देत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकूणच दाह कमी करतं.

आता गोची अशी, की विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारण्याचं कामही याच टी-पेशी करतात. 'किडनीला हात लावू नका, पण विषाणूला सोडू नका' असं सांगणारी गोळी आजतरी आपल्याकडे नाही. एक काम दाबलं की दुसरंही दाबलं जातं.

हा विषाणू बाहेरून येत नाही

ताईंच्या भावाच्या रिपोर्टात होता बीके विषाणू. १९७१ साली लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी किडनी रोपण झालेल्या एका सुदानी रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा पाहिला आणि रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं त्याला दिली.

गंमत म्हणजे हा विषाणू बहुधा तुमच्याही शरीरात आहे. बहुतेकांना लहानपणीच त्याची लागण होते. साधं सर्दी-तापासारखं काहीतरी होतं किंवा काहीच होत नाही. मग तो मूत्रपिंडाच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशींमध्ये आयुष्यभर गप्प पडून राहतो, कारण टी-पेशींचा पहारा असतो. म्हणून 'आम्ही इतका मास्क लावला, बाहेरचं खाल्लं नाही, तरी कसा झाला?' हा अपराधीपणा नातेवाइकांनी मनातून काढून टाकावा. तो बऱ्याचदा नव्या किडनीसोबतच आलेला असतो.

पहारा ढिला पडला की तो वाढायला लागतो. आधी लघवीत दिसतो, मग रक्तात, आणि शेवटी किडनीच्या नलिकांच्या पेशी फोडू लागतो. या सगळ्यात ताप नाही, दुखणं नाही. क्रिएटिनिन वाढतं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रभावी औषधं १९९० च्या दशकात रुळली, शरीराने किडनी नाकारण्याचं प्रमाण घटलं, आणि त्याच सुमारास या विषाणूने किडनी गमावल्याच्या नोंदी येऊ लागल्या.

खरा पेच इथे आहे

क्रिएटिनिन वाढण्यामागे दोन मोठे संशयित असतात. एक, शरीर किडनी नाकारतंय, ज्याला रिजेक्शन म्हणतात. तेव्हा प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते. बऱ्याचदा स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. दोन, बीके विषाणू किडनी पोखरतोय. तेव्हा दाब कमी करावा लागतो. आकडा एकच, उपाय एकमेकांच्या विरुद्ध. चुकीच्या बाजूला गेलं तर किडनीच जाऊ शकते.

बरं, बायोप्सीतही सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत दाहाच्या पेशी दिसतात. म्हणून रक्तातल्या विषाणूची पीसीआर तपासणी आणि बायोप्सीच्या तुकड्यावर विषाणूचं प्रथिन दाखवणारा खास रंग, या दोन गोष्टींची मदत घ्यावी लागते. ताईंच्या भावाच्या बाबतीत दोन्ही पॉझिटिव्ह होत्या. म्हणून गोळी कमी झाली.

'मग विषाणूवरच औषध द्या की!' अगदी बरोबर. सीएमव्ही नावाच्या विषाणूसाठी तसं औषध आहे. बीकेसाठी खात्रीचं औषध अजून नाही. लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाकडून आशा होती. कॅनडात १५४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आला : तीन महिने देऊनही विषाणू रोखला गेला नाही. त्यामुळे स्वतःच्या टी-पेशींना थोडी मोकळीक देणं हाच आजचा मुख्य उपाय.

तोही एका दिवसाचा नाही. गोळी कमी केल्यावर विषाणूचा आकडा खाली यायला आठवडे, कधी महिने लागतात. या काळात क्रिएटिनिन आणि विषाणू दोन्ही वारंवार मोजतात, कारण मोकळीक जास्त झाली तर रिजेक्शन दारात उभंच असतं. म्हणूनच आता क्रिएटिनिन वाढण्याची वाट पाहत नाहीत. पहिले नऊ महिने दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तात बीके तपासावा, अशी शिफारस आहे. 'काही त्रास नाही, मग एवढी महाग तपासणी कशाला?' असं वाटतं खरं. पण त्रास नसतानाच ती उपयोगाची.

घरी काय लक्षात ठेवायचं?

प्रत्येक विषाणूत गोळी कमीच करतात असं नाही. साध्या सर्दीत बहुधा काहीच बदलत नाहीत. गंभीर आजारात मायकोफेनोलेट काही दिवस थांबवूही शकतात. स्टेरॉइड मात्र एकदम बंद करणं धोक्याचं, कारण दीर्घकाळ गोळी घेणाऱ्याचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवत नसतं. म्हणून यातलं काहीही रोपणाच्या टीमला विचारल्याशिवाय करू नका.

जुलाब झाले की लोकांना वाटतं, औषध वाहून गेलं, एक गोळी जास्त घेऊ. टॅक्रोलिमसच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. आतड्याचं अस्तर हे औषध एरवी बरंचसं अडवतं आणि मोडतं. जुलाबात ते काम बिघडतं आणि रक्तातली पातळी वाढते. अशा वेळी डॉक्टरांना कळवून लेव्हल तपासून घ्या.

ती लेव्हल सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायची असते. गोळी घेऊन रक्त दिलंत तर आकडा फसवा येतो आणि त्यावर डोस ठरतो.

आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर 'मला किडनी बसवलीय, टॅक्रोलिमस चालू आहे' हे पहिलं वाक्य. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल किंवा कोविडच्या गोळ्यांतलं रिटोनाविर लेव्हल खूप वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन ती पाडतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

आणि आम्ही काय शोधतोय?

गोळी किती कमी करायची, हे आज मुख्यतः विषाणूचा आकडा आणि डॉक्टरांचा अनुभव यांवर ठरतं. आम्ही रुग्णाच्या रक्तातल्या पेशींना बीके विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे दाखवतो आणि त्यांतल्या किती पेशी जाग्या होतात ते मोजतो. कुणाच्या टी-पेशी तयारीत आहेत हे आधीच कळलं, तर थोडीशी मोकळीक कुणाला पुरेल आणि कुणाला नाही, याचा अंदाज बांधता येईल. अजून ही रोजच्या उपचारातली तपासणी झालेली नाही. ती व्हावी म्हणून तर हा खटाटोप.

परवा ताईंचा पुन्हा फोन आला. विषाणूचा आकडा उतरतोय. क्रिएटिनिन १.५ वर थांबलंय, १.२ वर पुन्हा येईल का, ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. शिल्लक गोळ्या त्यांनी पुढच्या भेटीला सोबत नेल्या आणि काय करायचं ते तिथेच विचारलं.

तुमच्या घरात कुणी रोपण झालेलं असेल, तर पुढच्या भेटीत एवढं नक्की विचारा : "शेवटची बीके तपासणी कधी झाली?"