सुट्टी गुरुवारी, शाळा बंद रविवारी : शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी समतोल साधायचा कसा?

चिखली, तळवडे, भोसरी, मोशी या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, की इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर विजेच्या मागणीत मोठा चढउतार होतो. म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. शाळेला सुट्टी मात्र रविवारी. त्यामुळे बाबा घरी असतात तेव्हा मुलं शाळेत आणि मुलं घरी असतात तेव्हा बाबा लाइनवर.

कामाचा आणि घराचा समतोल म्हटलं की मोबाइलवर जे सल्ले येतात, ते बहुतेक ऑफिसवाल्यांसाठी असतात. लॅपटॉप बंद करा, ईमेल बघू नका, वीकेंडला फिरायला जा. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि जो कंपनीच्या बसने चाकणला जातो, त्याने काय करायचं? त्याचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून त्याचं उत्तरही वेगळं आहे.

सुट्टी मिळाली कशी?

आठवड्याची सुट्टी आज गृहीत धरली जाते, पण ती मागून घ्यावी लागली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या मागण्यांमध्ये पगाराचं एकच कलम होतं, आणि तेही वाढीचं नव्हतं, वेळेवर मिळण्याचं होतं. बाकी सगळं भांडण स्वतःच्या वेळेसाठी होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही मूळ मुद्दा तोच आहे.

किती तास म्हणजे जास्त?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के जास्त आढळला. हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका 17 टक्के जास्त होता.

आता आपल्याकडचं गणित बघा. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही 115 वरून 144 तास करण्याचं ठरलं. आठवड्याचे नेहमीचे तास 48 च राहतात. पण तीन महिन्यांत 13 आठवडे धरले, तर 144 तास म्हणजे आठवड्याला साधारण 11 तास. 48 अधिक 11 म्हणजे 59. पूर्ण ओव्हरटाइम करणारा माणूस 55 ची रेघ सहज ओलांडतो. यात बसमधला वेळ धरलेलाच नाही.

समजा 12 तासांची शिफ्ट आहे आणि चिखलीहून जाण्यायेण्यात दोन तास जातात. 24 तासांतले 10 उरले. त्यात सात तास झोप धरली की आंघोळ, जेवण, बाजारहाट आणि घरच्यांशी बोलणं या सगळ्याला मिळून तीन तास राहतात.

कायद्याने तुमच्या हातात काय आहे?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या या गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात :

- ओव्हरटाइमला दुप्पट दर आणि त्यासाठी कामगाराची संमती लागते.
- आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. अपवादाने सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर बदली सुट्टी द्यावी लागते.
- वर्षात 180 दिवस काम झालं, की दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. जुन्या कायद्यात ही अट 240 दिवसांची होती.
- नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष द्या. महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेले सुपरवायझर आणि व्यवस्थापनाचं काम करणारे लोक 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे 'तुला स्टाफमध्ये घेतो' असं म्हटल्यावर पेढे वाटण्याआधी विचारा, की ओव्हरटाइम बंद होणार का आणि तास किती असणार. पगार दोन हजारांनी वाढून ओव्हरटाइमचे आठ हजार गेले, तर ती बढती कागदावरच राहते.

दुसरी गोष्ट लहान वर्कशॉपची. तिथे कामगारांची संख्या कमी असल्यामुळे यातलं बरंच लागू होत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतल्या भंगार गोदामांवर आणि शेडवर मोठी कारवाई केली. अशा ठिकाणी काम करणाऱ्याकडे नेमणूक पत्र, पगाराची पावती किंवा पीएफ नसेल, तर शेड गेल्यावर त्याच्याकडे आपल्या कामाचा काहीच पुरावा उरत नाही. त्याच्यासाठी समतोलाची पहिली पायरी म्हणजे हे कागद.

ओव्हरटाइम नाकारता का येत नाही?

कायद्यात संमती आहे, पण 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. याचं कारण अनेकदा घराच्या हप्त्यात असतं.

समजा वेतन महिना 20,800 आहे. 26 दिवसांनी भागलं की रोजचे 800, म्हणजे तासाचे 100. दुप्पट दराने ओव्हरटाइमचे तासाला 200. महिन्याला 40 तास ओव्हरटाइम केला तर 8,000 रुपये जास्त येतात. एकूण 28,800 बघून फ्लॅटचा हप्ता ठरवला, की ते 40 तास विकले गेले. मग पोराचं स्नेहसंमेलन असो की आईची तपासणी, सुट्टी परवडत नाही. वाहन उद्योगात मागणी घटली की सगळ्यात आधी ओव्हरटाइम थांबतो. हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून सरळ नियम ठेवा. हप्ता, भाडं, शाळेची फी हे ठरलेले खर्च मूळ वेतनात बसले पाहिजेत. ओव्हरटाइमचा पैसा कर्ज लवकर फेडायला, सोनं किंवा आरडीला. असं असेल तर एखाद्या महिन्यात तो नाही आला तरी घर हलत नाही आणि 'आज नको' म्हणण्याची ताकद येते.

कामात समाधान कशाने येतं?

अमेरिकन संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये मांडलं, की नुसतं जास्त काम माणसाला तितकं पोखरत नाही. काम जास्त आणि त्यात स्वतःला ठरवायची मुभा शून्य, ही जोडी जास्त त्रास देते. लाइनवरच्या माणसाला हे पटेल. दिवसभर तोच नट आवळायचा आणि वर कुणी विचारायचंही नाही, हे जड जातं. त्याच माणसाने फिक्श्चरमध्ये सुचवलेला बदल कायझेनमध्ये मंजूर झाला, तर तीच मशीन थोडी आपली वाटते.

त्यामुळे एकाच मशीनवर अडकून राहू नका. दुसरं स्टेशन शिकून घ्या, सजेशन लिहून द्या, नवीन पोराला सेटिंग शिकवा. याने पगार लगेच वाढेल असं नाही. पण जास्त मशीन येणाऱ्याला शिफ्ट बदलून मागताना आणि नोकरी बदलताना जास्त वाव मिळतो.

या महिन्यापासून काय करता येईल?

- शिफ्टचं वेळापत्रक महिनाभर आधी मिळेल का, हे विचारा. आठवडा आधी मिळालं तरी घर आखता येतं. दोघंही कामाला असाल तर दोघांच्या शिफ्ट एकाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि घरची कामंही त्यावरच वाटून घ्या.
- शिफ्ट फर्स्ट, सेकंड, नाइट या क्रमाने फिरली तर शरीराला सोपं जातं. उलट क्रम जड जातो. कामगार प्रतिनिधीमार्फत हा मुद्दा मांडता येतो.
- नाइटहून आल्यावर खोलीत काळोख करून झोपा आणि शिफ्टच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा टाळा.
- सॅलरी स्लिपवरचे ओव्हरटाइमचे तास स्वतःच्या डायरीशी ताडून बघा.
- गुरुवारी सगळी उरलेली कामं कोंबू नका. मुलांना शाळेत सोडणं आणि आणणं तेवढं स्वतःकडे घ्या. रविवार मिळत नसला, तरी आठवड्यातून एक दिवस शाळेच्या फाटकाशी बाबा उभे असतात, हे मुलांना कळतं.