बोंबलाच्या पाकिटामागचे हात

सुक्या बोंबलाची चटणी घरून आणणारे आपल्या हॉस्टेलवर बरेच आहेत. पण हा बोंबील सुकतो कसा, हे बघायचं असेल तर कॅमेरा घेऊन विरारजवळच्या अर्नाळ्याला किंवा वसईच्या पाचूबंदरला जा.

ताज्या बोंबलात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणून बांबूंची चौकट उभारून, आडव्या दोऱ्या बांधून त्यावर तो टांगतात. या चौकटीला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, बस्स! बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, त्यामुळे हूक लागत नाही. टांगलेल्या माशाला सगळीकडून वारा लागतो, म्हणजे बाष्पीभवनाला पूर्ण पृष्ठभाग मिळतो. आपल्या पुस्तकातलं ड्राइंगचं प्रकरण इथे उघड्यावर चालू असतं!

आता फोटोचं. नवखा माणूस वलांड्यांच्या लांबच लांब रांगा टिपतो. चित्र छान दिसतं, पण त्यात काम दिसत नाही. माझ्या मते खरा फोटो जबडे अडकवणाऱ्या बोटांचा. त्यासाठी जवळ बसा. बोटं स्पष्ट हवी असतील तर शटर १/२५० च्या आसपास ठेवा. हातांचा वेग दाखवायचा असेल तर १/३० वर या. सकाळचं तिरपं ऊन माशाच्या मागून आलं की ओला बोंबील काचेसारखा चमकतो. दुपारी मात्र सगळं सपाट दिसतं. मी फोटोंचा क्रमही कामाचाच ठेवतो: टोपली, निवड, जोडी, दोरी आणि शेवटी बाजार. वाळू आणि खारा वारा असतो, तिथे लेन्स बदलू नका.

सगळ्यात आधी "मावशी, फोटो काढू का?" असं विचारा. नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली. हो म्हणाल्या तर नंतर प्रिंट नेऊन द्या.

एवढा खटाटोप कशासाठी? अवकाळी पावसाची एक सर आली तर वलांडीवरचा अर्धवट सुकलेला माल खराब होतो आणि ही सगळी मेहनत वाया जाते. दुकानातल्या पाकिटावर ना ती सर दिसते, ना ती बोटं. आपण मात्र बाजारात दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. त्या भावात काय काय धरलेलं असतं, ते एक चांगला फोटो न बोलता सांगतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पावसाळा संपला की निघा!