वाघोटण खाडीतली गोदी

कोल्हापूर म्हटले की पन्हाळा, पंचगंगा, तालमीतली तांबडी माती. कोल्हापूरच्या गादीला समुद्रही होता, हे कोल्हापूरकरांनाही चटकन आठवत नाही. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. 1765 साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले; पुढे तो कोल्हापूरला परत मिळाला. 1812च्या तहात मात्र मालवण कायमचे हातचे गेले.

आरमाराबद्दलचा मराठीतला सर्वांत जाणता मजकूरही याच गादीच्या पदरचा. गगनबावड्याची जहागीर असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी 1715च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. वाऱ्यावाचून चालणार नाही अशी अवाढव्य गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, बांधू नये, मध्यम बांधावी, हा त्यातला सल्ला पूर्ण व्यवहारी आहे. सागासारखे लाकूड रीतसर परवानगीने तोडावे, पण रयतेचा आंबा-फणस तोडू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असेही अमात्य बजावतात. जहाजबांधणीचा विचार करताना परसातल्या झाडाची काळजी वाहणारा असा राज्यकर्ता विरळाच.

अशी जहाजे जिथे बांधली जात अशी एक जागा कोल्हापूरहून एका दिवसात बघून येता येते. गगनबावड्याचा करूळ घाट उतरायचा, वैभववाडी, तळेरे करत विजयदुर्ग गाठायचा. किल्ल्यापासून थोडे आत, वाघोटण खाडीच्या काठी, गिर्ये गावाच्या हद्दीत मराठा आरमाराचे सेनानी आंग्रे यांच्या काळातली गोदी आहे. कातळ फोडून केलेली ही जागा सुमारे 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला पाणी उतरले की तळाच्या डागडुजीला हात घालायचा. दिवसातून दोनदा येणारे पाणी फुकटात एवढे अवजड काम करून देत होते.

गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. दोन काठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. तळ उथळ, म्हणून खाडीत खोलवर शिरता येई. पुढे निमुळती होत गेलेली नाळ आणि तिच्यामागून थेट समोर रोखलेल्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले. त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की वल्हेकरी गलबत ताशी चार मैलांनी पळवत आणि गरज पडली तर गुराबेलाही ओढून नेत. इंजिन येण्यापूर्वीची ताकदीची बोट ती हीच! शिडांवर विसंबलेले परके जहाज वाऱ्यावाचून खोळंबले की ही गलबते त्याच्या पिछाडीला जाऊन भिडत.

फेब्रुवारी 1756मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि शेजारी नांगरलेले सगळे आरमार त्या आगीत जळाले. मराठ्यांच्या आपसातल्या वैराची ही किंमत होती, कारण पेशवे त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते. वर्ष सरण्यापूर्वी बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. पेशव्यांचे आरमारी सरदार धुळप यांनी तिथे पुन्हा आरमार उभे केले. 1783मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडलेही. 1818मध्ये मात्र किल्लाच इंग्रजांकडे गेला.

बोटी बांधण्याचे काम किनाऱ्यावर त्यानंतरही चालू राहिले. पुढे लाकडी मचव्यांना इंजिने बसली आणि वल्हेकरी कमी झाले. मग फायबरच्या होड्या आल्या. साच्यातून निघणाऱ्या या होडीला फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासणारा सुतार लागत नाही आणि सागाच्या किमतीपुढे मच्छीमारांनी फायबर निवडले, यात त्यांना बोल लावता येत नाही. पण डोळ्यांच्या अंदाजाने फळीला बाक देणारे सुतार अजून काही बंदरांत आहेत. त्यांच्या कामाची मापे, लाकडाची निवड आणि शब्द आत्ताच नोंदवून घेतले पाहिजेत. विजयदुर्ग पाहायला निघणाऱ्या कोल्हापूरकरांनी किल्ल्याइतकाच वेळ गिर्येच्या गोदीसाठीही राखून ठेवावा, आणि जाताना ओहोटीची वेळ विचारून जावे.